एसेनकुल आकेंचा वाडगा

आमच्या डोंगरातल्या कोचकोर गावच्या बाजारात शनिवारी पुढच्या मैदानात जनावरं विकतात आणि मागच्या भिंतीपलीकडे गाड्या. मी भिंतीपलीकडचा. तालाय माझं नाव, दलाली माझा धंदा, आणि या धंद्याच्या मुळावर उठलेल्या माणसाचं नाव एसेनकुल आके; आके म्हणजे थोरला भाऊ, मोठ्या माणसाला आमच्याकडे तसंच म्हणतात. त्यांच्याबद्दल मी एक दिवस चांगलं लिहायला बसेन असं कोणी पूर्वी म्हटलं असतं, तर मी त्याला बाजारातून हाकलून दिलं असतं.

आके पूर्वी दुधाचा टँकर चालवायचे, खिंडीवरून खाली डेअरीपर्यंत, बर्फातसुद्धा. त्यांचे वडील मात्र भिंतीच्या अलीकडचे, म्हणजे घोड्यांचे पारखी. उत्तम चालीचा घोडा ओळखायची आमची जुनी रीत अशी, की स्वाराने हातात काठोकाठ भरलेला चहाचा वाडगा धरायचा आणि मैदानाला एक फेरी मारायची. थेंब सांडला नाही तर घोडा खरा. वडील आयुष्यभर तेच करत आले. आके नोकरीतून सुटले आणि त्यांनी तो वाडगा उचलून भिंतीपलीकडे आणला. भिंत अजून थोडी उंच बांधायला हवी होती, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

एकदा नानवाल्या सेयितला मी एक पांढरी गाडी जवळजवळ विकली होती. हातात हात दिला-घेतला, इतकं झालं होतं. तेवढ्यात नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, उंच टोपी सावरत आके आले.

"गाडी कोणाला हवी?"

"मला," सेयित म्हणाला.

"आणि बसणार कोण?"

"सगळेच. मी, बायको, पोरं, आई."

"मग कुठायत सगळे?"

"घरी."

"घेऊन ये. पिठाचं एक पोतंही आण. रिकामी गाडी खोटं बोलते."

झालं. सगळं खटलं आलं. पोतं मागे टाकलं, पोरं मांडीवर घेतली, आणि मागच्या सीटवर मधोमध सेयितच्या आईला बसवून आकेंनी तिच्या मांडीवर टॉवेल अंथरला. थर्मासमधून कोमट चहा वाडग्यात अगदी कडेपर्यंत ओतला आणि तिच्या हातात दिला. म्हातारी दचकलीच.

"अरे बाबा, मी काय केलं तुझं? बसले नाही तोच घालवतोस मला?"

तिचंही बरोबर होतं. आमच्याकडे पाहुण्याला कोणी भरून चहा देत नाही. वाडग्याच्या अर्ध्यापर्यंतही तो पोचू द्यायचा नाही. थोडा प्यायचा, वाडगा परत करायचा, पुन्हा थोडा घ्यायचा, म्हणजे बसणं लांबतं, गप्पा लांबतात. काठोकाठ भरलेला वाडगा म्हणजे प्या आणि निघा.

"मावशी, हा चहा तुम्हाला नाही, गाडीला दिलाय," आके म्हणाले. "तुम्ही नुसता धरा."

मग त्यांची ठरलेली फेरी. वीटभट्टीचा रस्ता, जिथे ट्रकांनी जमिनीला धुण्याच्या फळीसारख्या लाटा पाडल्यात. कब्रस्तानाचा चढ, त्याच्या अर्ध्यावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा उचलायची. उतारावर स्टीअरिंग क्षणभर सोडून बघायचं, गाडी कुठे ओढते. मग काचा वर करून सगळ्यांना गप्प बसवायचं आणि ऐकत राहायचं. परत आले तेव्हा म्हातारीच्या टॉवेलातून चहा निथळत होता.

"मागचा डावा पाय लंगडतो," आकेंनी निकाल दिला. "आणि चढावर हिला दम लागतो."

"आके, या गाडीला आजपर्यंत कोणी दमेकरी म्हटलं नव्हतं!"

"तू एकटाच बसून हिंडवतोस ना हिला. घरात माणसं किती असतात ठाऊक नाही तुला?"

सौदा मोडला. अशा किती सौद्यांची माती या माणसाने केली, ते आता मोजायला नको. बदल्यात ते पैसे घेत नसत, गिऱ्हाइकाने दिलेली एखादी नान काखेत मारून घरी जात, याचा तर मला जास्तच राग यायचा. लबाड माणसाशी कसं वागायचं ते मला कळतं. पुढे पुढे मीच शहाणा झालो. शनिवारच्या आधी शॉकअप बदलायचे, ब्रेक बघून घ्यायचे आणि मगच गाडी उभी करायची. गिऱ्हाइकंही मग माझ्याकडे जरा कमी संशयाने बघायला लागली, हे आकेंना मी अजून सांगितलेलं नाही.

पण या पारख्याच्या स्वतःच्या अंगणात गाडी नव्हती. गाडीसाठी राखलेली जागा होती, फाटकाच्या आत, अर्ध्या भागावर डांबरी कागदाचं छप्पर घातलेली. त्या जागेत त्यांची बायको बुरुल वहिनी कांदे लावायची.

"वहिनी, यंदा गाडी चांगली उगवलीय," मी फाटकातून ओरडायचो.

"दोन गड्ड्या घेऊन जा," ती म्हणायची. "चार माणसं बसतात एकेकीत."

वहिनी वरची. सोन-कुलच्या जायलूवर, म्हणजे त्या तळ्याकाठच्या उन्हाळी कुरणांवर लहानाची मोठी झालेली. लग्नानंतरही दर उन्हाळ्यात ती भावाकडे, ओमोरकडे, तिथे राहायला जायची. मग एका हिवाळ्यात ती विहिरीपाशी बर्फावरून घसरली आणि पाठ गेली. तरी पुढच्या उन्हाळ्यात हट्टाने एका ओळखीच्याच्या जीपमधून निघाली. त्या जीपने खिंडीपर्यंत पोचायच्या आधीच तिची अशी काही दशा केली, की आके तिला अर्ध्या वाटेवरून परत घेऊन आले आणि ती महिनाभर अंथरुणावर होती. तेव्हा आकेंनी ठरवलं, की वहिनी वर जाईल ती स्वतःच्या गाडीतून, आणि ती गाडी अशी असेल की वाडग्यातला चहा हलणार नाही.

तशी गाडी मिळेना. मी दाखवल्या, दुसऱ्यांनी दाखवल्या. प्रत्येक गाडीत वहिनीला मागे बसवायचे, टॉवेल, वाडगा, वीटभट्टी. प्रत्येक वेळी कुठे ना कुठे चहा सांडायचा आणि आके मान हलवायचे. एकेक उन्हाळा असाच गेला. वहिनी गाडीतून उतरायची, टॉवेल पिळायची, आणि कांद्यांना पाणी घालायला जायची.

गेल्या वसंतात ओमोरचा निरोप आला. गुडघे दुखतात, मेंढ्या विकतोय, हा वरचा शेवटचा उन्हाळा. पुढच्या वर्षापासून मुलाकडे शहरात. निरोप घेऊन मीच गेलो होतो. वहिनीने तो ऐकला, ओला हात ॲप्रनला पुसला, आणि आकेंकडे बघितलं. आकेंनी माझ्याकडे बघितलं.

"तालाय, गाडी बघ."

"आके, मी गाड्या विकतो. उडते गालिचे नाही."

"बघ म्हटलं ना!"

बघितली. राजधानीतल्या एका नर्सबाईंची, छोटी, निळी, जपानहून आलेली. आतून स्वच्छ, इंजिन शांत. मागचे शॉकअप मी नवे बसवले, टायरातली हवा थोडी कमी केली, आणि आके-वहिनींना थेट माझ्या घरी बोलावलं. आके आल्या आल्या बॉनेट उघडून आत घुसले. पट्टा सैल आहे म्हणाले, मग स्वतःच आवळायला लागले. कोपरापर्यंत हात काळे. वहिनी मागे जाऊन बसली, टॉवेल स्वतःच अंथरला.

"सूनबाई!" आके बॉनेटमधूनच ओरडले. माझ्या थोरल्याचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याची बायको आयझाद दारात डोक्यावरचा रुमाल सावरत उभी होती. "मागे काकू बसल्यात, त्यांना वाडग्यात चहा दे. भरून दे हं!"

आयझादने चहा आणला, वाकून, दोन्ही हातांनी वहिनीला दिला. मी तेव्हा पट्ट्यावरून आकेंशी वाद घालत होतो. आकेंनी चिंधीला हात पुसले आणि आम्ही निघालो.

वीटभट्टीच्या रस्त्यावर मी कान मागे लावून होतो. मागून हूं नाही की चूं नाही. चढावर थांबलो, गाडी पुन्हा उचलली. उतारावर गाडी सरळ धावली. अंगणात परत आलो तेव्हा आकेंनी मागे वळूनही बघितलं नाही. बघायची भीती वाटत असावी.

"सांडला?"

"टॉवेल बघा," वहिनी म्हणाली. वाडगा तिने पिऊन रिकामा केला होता.

आकेंनी टॉवेल बोटांनी चाचपला. कोरडा. उलटा करून पाहिला. कोरडा. मग ते खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं थोपटलं.

"हीच," ते म्हणाले.

मी दलाल माणूस, पण त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं. वहिनीने तोंड पलीकडच्या खिडकीकडे फिरवलं होतं. मला वाटलं, रडते आहे. दुसऱ्या दिवशी तिने कांदे उपटले, कोवळे होते तरी.

वरचा रस्ता मोकळा झाला तसे आम्ही निघालो. नवी गाडी धुवायला, म्हणजे तिच्या नावाने जेवण घालायला, ओमोर मेंढी कापणार होता आणि गाडी विकणाऱ्याला त्या जेवणाचा मान असतो. आके स्टीअरिंगवर, मी शेजारी, वहिनी मागे गाद्यांमध्ये. आमच्याकडे रस्त्याच्या उजव्या अंगाने चालवतात आणि या जपानी गाड्यांचं स्टीअरिंगही उजवीकडेच. म्हणजे पुढे ट्रक असला की चालवणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही, डावीकडे बसलेल्याने बघून सांगावं लागतं. थोड्या वेळात गवताचा एक ट्रक आडवा आलाच.

"मोकळा आहे रस्ता, काढा," मी म्हणालो.

आकेंनी काढली नाही.

"आके, काढा! लांबवर कुत्रं नाही."

"दलालाच्या शब्दावर?" ते म्हणाले.

ट्रक आपणहून वळला तोवर आम्ही गवताचा कचरा खात त्याच्यामागे चाललो. मी तोंड फुगवून बसलो. वहिनी मागे हसत होती.

मग डांबर संपलं. खिंडीचा कच्चा रस्ता सुरू झाला, आणि दुसऱ्या का तिसऱ्या वळणावर मागून आवाज आला, "आई गं."

आकेंनी तिथेच गाडी थांबवली. थर्मास काढला, वाडगा काठोकाठ भरला, वहिनीच्या हातात दिला आणि गाडी सुरू केली. पहिल्याच चरात अर्धा चहा तिच्या झग्यावर.

ते उतरले. मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, वाकून आत बघितलं. मग उभे राहून माझ्याकडे आले, आणि त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

"तालाय, विकल्यावर शॉकअप बदललेस?"

"काय?"

"परीक्षेला नवे, मग जुने. दुसरं काय?"

"आके, माझ्या पोरांची शपथ! तुमच्या अंगणात उभी होती गाडी, कांद्यांच्या जागेत. मी काय रात्री भिंतीवरून उडी मारून..."

"वीटभट्टीवर थेंब सांडला नाही. इथे अर्धा सांडला. गाडी तीच कशी?"

"गाडी तीच आहे," वहिनी आतून म्हणाली. "भांडू नका. त्या दिवशी वाडगा अर्धासुद्धा नव्हता."

आम्ही दोघेही खिडकीकडे वळलो.

"नवी सून ती. तुम्ही म्हणालात भरून दे. घरी आलेल्या बाईला कुठली सून भरलेला वाडगा देईल? तिचा हातच वळला नाही. लाजून लाल झाली होती पोर. तळाशी इतका चहा होता." तिने दोन बोटं दाखवली. "तुमचं डोकं बॉनेटमध्ये, याचं तुमच्याशी वाद घालण्यात."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत सांडला का. नव्हता सांडला. पिऊन टाकला."

मला हसू फुटलं. एवढा पारखी, गावोगावच्या म्हाताऱ्यांना दचकवत फिरणारा, आणि माझ्या घरच्या एका पोरीच्या चांगल्या वळणाने त्याला चीत केलं. पण आकेंकडे बघितलं आणि हसू गिळलं. ते पांढरेफटक पडले होते.

"परत जायचं," ते म्हणाले. "तालाय, गाडी तू परत घे. दोष माझा."

"मी नाही जायची परत," वहिनी म्हणाली.

"बुरुल, त्या जीपनंतरचा महिना विसरलीस? कूस बदलता येत नव्हती तुला. मी शेजारी पडून ऐकत होतो. पुन्हा नाही ऐकू शकणार मी."

कधी कोणासमोर असं बोलणारा माणूस नव्हे हा. मी रस्त्याकडेच्या दगडांकडे बघत राहिलो; जावं तर जायला जागा नव्हती.

वहिनीने झग्याचा ओला भाग पिळला. मग म्हणाली, "अहो, किती गाड्यांत बसवलंत मला. दर वेळी हातात काठोकाठ वाडगा. गाडीसाठी असतो, ठाऊक आहे मला. पण हात माझे होते ना? दर वेळी वाटायचं, नवराच सांगतोय, पी आणि नीघ. त्या पोरीने थोडासा चहा दिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, या गाडीत मला कोणी बसवून घेतलंय."

आके पुन्हा मागच्या चाकाकडे बघायला लागले.

"टायरांना विचारता, स्प्रिंगांना विचारता, चहाला विचारता. माझ्या पाठीला कधी विचारलंत?"

आकेंनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग विचारलं, "दुखतंय?"

"दुखतंय. घरीही दुखतंच की. तिथे भिंतीकडे बघत दुखतं, इथे डोंगराकडे बघत दुखेल. मला ते चालेल. मागे बसून खड्डा दिसत नाही, अचानक येतो, म्हणून जास्त लागतो. तालाय, तू मागे ये."

मी मागे आलो. वहिनीने पाठीला उशी लावून पुढची डावी सीट घेतली, एका हाताने वरची कडी धरली. माझ्या वाट्याला ओला टॉवेल आणि रिकामा वाडगा आला.

"चला," ती म्हणाली. "सावकाश. डाव्या चाकापुढे दगड आहे. हां, आता थोडं तुमच्या बाजूला. चर आलाय, तिरकी घ्या."

उजव्या अंगाचं आके बघत होते, डाव्या अंगाचं वहिनी सांगत होती. लहानपणापासून घोड्यावरून तुडवलेला तो रस्ता. कुठल्या वळणामागे ओहोळ आहे ते तिला दिसायच्या आधी ठाऊक होतं. तीच गाडी, तेच शॉकअप, पण आता मागे मलासुद्धा धक्के कमी बसत होते, आणि मला ते मान्य करायला नको वाटत होतं. मधूनच ती ओठ आवळायची. आके लगेच वेग कमी करायचे आणि विचारायचे, "कसंय?" ती म्हणायची, "चाललंय."

खिंडीच्या थोडं अलीकडे तंबूचे वासे आणि नमदे लादलेला एक जुनाट ट्रक पुढे आला. रस्ताभर धूर. आके काहीच दिसत नसल्याने त्याच्यामागे रांगत राहिले. वहिनीने मान बाहेर काढली.

"जा," ती म्हणाली.

आणि आके गेले. विचारलं नाही, मान उंचावून बघितलं नाही, सरळ डावीकडे घेऊन ट्रकापुढे काढली. मी मागे आ वासून बसलो. मग खिंड आली आणि खाली तळं दिसलं. वहिनी एकदम बोलायची थांबली. खड्डे सांगायचीही थांबली, तर आकेंनीच गाडी उभी केली आणि तिला पुरेसं बघून होईपर्यंत चालू केली नाही.

ओमोर तंबूबाहेर वाट बघत होता, काठीवर रेलून. वहिनी उतरली, पाठ धरून क्षणभर वाकूनच उभी राहिली, मग सरळ झाली. "आलीस?" तो म्हणाला. "आले," ती म्हणाली. दोघांनी एकमेकांना बराच वेळ सोडलं नाही. मेंढी कापली, तिचं रक्त निळ्या गाडीच्या टायरांना लावलं, ओमोरच्या नातवंडांनी गाडीत बसून भोंगा वाजवून वाजवून कुत्र्यांना वेड लावलं. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस झालं, मांस झालं. वहिनी उशांना टेकून पाय पसरून बसली होती, भावाच्या शेजारी, दाराकडे तोंड करून. दारातून कुरण दिसत होतं.

शेवटी चहा आला. आमच्याकडे चहा बायका ओततात; पुरुष किटलीला हात लावत नाहीत. ओमोरची बायको पहिला वाडगा भरायला घेणार, तोच आकेंनी हात पुढे करून किटली स्वतःकडे ओढली. ओमोरच्या बायकोचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी वाडगा घेतला आणि आयझादने दिला होता तसाच, त्यात तळ जेमतेम झाकेल इतका चहा ओतला. मग गुडघ्यांवर सरकत वहिनीपुढे गेले आणि दोन्ही हातांनी तो तिच्यापुढे धरला.

"भावजी, चहा संपला का आमच्याकडचा?" ओमोर हसत म्हणाला.

आकेंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. वहिनीने वाडगा घेतला, एका घोटात संपवला, आणि नवऱ्याकडे परत केला.

आकेंनी पुन्हा ओतला. तेवढाच.